भक्तीने निवडलेली डिस्क

भक्ती शिर्के पाणीगेटात माझ्या समोरच्या घरात राहते. शिर्क्यांचे पणजोबा गायकवाडांच्या पागेत होते. आजोबा पोलिसात गेले, वडील बळवंतराव एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले, आणि भक्ती सर्व्हर सांभाळायच्या कामाला लागली. सर्व्हर म्हणजे कधीही बंद न करायचा कॉम्प्युटर. बाकीचे सगळे त्याच्यावर विसंबून असतात. "पणजोबांनी घोडी सांभाळली, ही यंत्रं सांभाळते. सुट्टी दोघांनाही नाही," असं बळवंतराव कौतुकाने सांगायचे.

मी तिला दोन वेण्या घालून शाळेत जाताना पाहिलेलं आहे. बोलणं फटाफट, निर्णय त्याहून फटाफट. नवरात्रात गरब्याला जायचं तर गल्लीतल्या सगळ्या पोरींच्या रिक्षा हीच ठरवणार. "झालं का गं?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "झालं!" आता तिच्यासमोर कोणी सहज "झालं" म्हटलं तरी ती त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहते. हे असं का झालं ते तिने मला तुकड्यातुकड्याने सांगितलं. मी ते ओळीने लावून सांगते.

कारेलीबागेत एका संस्थेची म्हाताऱ्या माणसांसाठी हेल्पलाइन आहे. कोणाला औषध आणून हवं, कोणाला ॲम्ब्युलन्स, कोणाला बँकेत सोबत. संस्था चालवतात पीयूषभाई. निवृत्त इंजिनियर, सज्जन माणूस. फोन करणाऱ्याचं नाव, पत्ता, गरज हे सगळं एका सर्व्हरवर साठायचं. तो सर्व्हर जुना झाला होता, दिवसाआड अडून बसायचा. नवा घ्यायचं ठरलं आणि त्यात कुठली डिस्क बसवायची हे भक्तीवर सोपवलं गेलं.

हल्लीची डिस्क म्हणजे मेमरीच्या चिपांची चपटी वडी. आत काही फिरत नाही, आवाज नाही. भक्तीसमोर दोन प्रकार होते. एक खास सर्व्हरसाठी बनवलेला. त्याच्या पोटात बारीक कपॅसिटर असतात, ते थोडीशी वीज धरून ठेवतात. बाहेरची वीज तुटली तरी डिस्क हातातलं सगळं नीट जागेवर ठेवते आणि मगच डोळे मिटते. दुसरा प्रकार घरच्या कॉम्प्युटरचा. त्यात ही सोय नाही, पण तपासणीत तो अधिक चपळ निघाला. शिवाय पहिला मागवला तर कित्येक आठवडे वाट बघायची होती आणि दुसरा इथल्याच दुकानात फळीवर तयार होता. पावसाळा तोंडावर आला होता.

"भक्तीबेन, फरक शुं छे?" पीयूषभाईंनी विचारलं.

"वीज अचानक गेली तर पहिली सांभाळून घेते," भक्ती म्हणाली. "पण आपल्याकडे यूपीएस आहे, गच्चीवर जनरेटर आहे. आणि मी एकाऐवजी दोन डिस्क लावते. दोन्हींवर तेच लिहिलं जाईल. एक बिघडली तर दुसरी आहेच."

"तो पछी जे वहेली मळे ए लई लो," पीयूषभाई म्हणाले. लवकर मिळेल ती घ्या.

भक्ती बोलली त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हेच तिला नंतर सगळ्यात जास्त छळणार होतं.

त्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. समा, कारेलीबाग, नदीकाठच्या सगळ्या सोसायट्या पाण्यात. रस्त्यांवर मगरी दिसल्याचे व्हिडिओ फिरत होते. संस्थेने हेल्पलाइन सर्वांसाठी खुली केली. संस्थेचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, त्यामुळे तिथे काम चालू राहिलं. कार्यकर्ते ओळीने बसले होते. फोन आला की पत्ता टाइप करायचा. सर्व्हरने "ठेवलं" असं कळवलं की त्याच क्षणी त्या माणसाच्या मोबाइलवर मेसेज जायचा: "तमारी नोंध थई गई छे," आणि खाली नोंदीचा नंबर. बोटीवाले, ट्रॅक्टरवाले तेच नंबर घेऊन निघायचे.

दुपारी इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं. यूपीएस तळघरात होता. खालून फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि सगळं बंद पडलं. पंखे, दिवे, स्क्रीन. मग गच्चीवरचा जनरेटर धडधडला आणि दिवे आले. भक्तीने सर्व्हर चालू केला. तो उठला, स्वतःला तपासून सगळं ठीक आहे म्हणाला. फोन पुन्हा वाजू लागले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, पीयूषभाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. भिजलेल्या सलवारीत, खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेल्या भक्तीचा त्या दिवशीचा फोटो संस्थेच्या भिंतीवर लागला. तिने तो नंतर उतरवला.

पाणी ओसरलं. शहरभर चिखलाचा आणि कुजलेल्या धान्याचा वास होता. एके सकाळी संस्थेत एक बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, सुती साडी, पायातल्या चपला नव्या कोऱ्या. जुन्या वाहून गेल्या असणार. नाव निरुपमा टिपणीस, राहणार समा. शाळेत विज्ञान शिकवायच्या. भक्ती मराठी बोलते म्हणून पीयूषभाईंनी त्यांना तिच्याकडे पाठवलं.

"मला तक्रार करायची नाही," बाई म्हणाल्या. "मला एवढंच विचारायचंय की आमची बोट कुठे गेली?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. मेसेज होता. नोंदीचा नंबर सातशे बेचाळीस.

भक्तीने सर्व्हरवर पाहिलं. सातशे बेचाळीस वेगळ्याच सोसायटीतलं एक कुटुंब होतं. बोट गेली होती, माणसं सुखरूप बाहेर आली होती. टिपणीस हे आडनाव कुठेच नव्हतं.

"तुम्ही नक्की आमच्याकडेच फोन केला होता?"

"मेसेज तुमचाच आहे ना?" बाई शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. यजमान आनंदराव पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. घर तळमजल्यावर. पाणी चढायला लागलं तसं शेजाऱ्याच्या मदतीने त्यांना जेवणाच्या टेबलावर निजवलं. मग फोन लावला, लगेच मेसेज आला. नंतर सोसायटीत एक ट्रॅक्टर आला होता. त्यात जागा थोडी. बाईंनीच सांगितलं, आमची नोंद झाली आहे, तुम्ही लेकुरवाळ्यांना न्या. शेजारीही त्यातच गेले. त्यानंतर बाईंनी पुन्हा फोन केला नाही. लाइन अडकवून ठेवायला नको, लोक अडचणीत आहेत, असं त्यांना वाटलं. पाणी टेबलाला लागलं तेव्हा त्या त्याच टेबलावर चढून यजमानांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी लष्कराची माणसं आली. आनंदरावांच्या छातीत कफ भरला होता. हॉस्पिटलमध्ये चार दिवस काढून ते गेले.

"डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, मी पत्ता चुकीचा सांगितला असेन. तेवढं कळलं असतं तर बरं होतं."

त्या गेल्यावर पीयूषभाई म्हणाले, वय झालंय, घाबरल्या होत्या, काहीतरी गोंधळ झाला असेल. भक्तीलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण मेसेज होता. मेसेज पाठवायचं काम बाहेरची एक कंपनी करायची, त्यांच्याकडे त्या दिवसाचा हिशोब वेगळा ठेवलेला होता. भक्तीने तो मागवला. सातशे बेचाळीस हा नंबर दोन मोबाइलवर गेला होता. एकदा वीज जाण्याच्या अगदी आधी, एकदा वीज आल्यावर. असे पाच नंबर दोनदा गेले होते.

तिला लगेच समजलं. मला समजायला वेळ लागला, म्हणून तिने मला सांगितलं तसंच सांगते. डिस्कने सर्व्हरला "ठेवलं" म्हटलं, तेव्हा तिने ते फक्त हातात घेतलेलं होतं, जागेवर ठेवलेलं नव्हतं. चपळाईचं गुपित तेच. वीज तुटली आणि हातातलं सगळं पुसलं गेलं. दुसरी डिस्क होती, पण तीही त्याच जातीची. तिच्याही हातातलं त्याच क्षणी गेलं. सर्व्हर उठला तेव्हा त्याच्या आठवणीतले शेवटचे काही क्षण नव्हतेच. आपण काही विसरलोय हेही त्याला माहीत नव्हतं. त्याने पुढच्या माणसाला पुढचा नंबर म्हणून पुन्हा सातशे बेचाळीस दिला.

"मावशी, तो बिघडला असता तर बरं झालं असतं," ती मला म्हणाली. "आम्ही सगळे धावलो असतो, शोधलं असतं. तो म्हणाला सगळं ठीक आहे. मी विश्वास ठेवला आणि टाळ्या घेतल्या."

मग तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. त्याच जातीची डिस्क एका मशीनला जोडली आणि तिच्यावर एकामागून एक आकडे लिहायला लावले. डिस्क ज्या आकड्याला "ठेवला" म्हणेल तो दुसऱ्या मशीनने टिपून ठेवायचा. मधेच तिने वायर खेचली. पुन्हा चालू करून ताडून पाहिलं, तर कबूल केलेले शेवटचे आकडे डिस्कवर नव्हते. पुन्हा वायर खेचली. पुन्हा नव्हते. मग सर्व्हरसाठी बनवलेली डिस्क मागवून तिची परीक्षा घेतली. कितीही वेळा वायर खेचा, जेवढं कबूल केलं तेवढं जागेवर होतं.

काम तिथे संपायला हवं होतं. पण भक्ती रोज ऑफिसात आली की आधी ती जुनी डिस्क जोडायची आणि वायर खेचायची. पीयूषभाईंनी एकदा विचारलं, आता काय शोधताय? ती म्हणाली, "एकदा तरी सगळे आकडे राहतात का बघते." एकदाही राहिले नाहीत.

घरातही तिचं बिनसलं. बळवंतरावांनी रक्तदाबाची गोळी घेतली म्हटलं की ती पाकीट उघडून बघायची. गॅस बंद केला म्हटलं की शेगडीवर हात ठेवायची. बळवंतराव एकदा चिडले. "अगं, बाप खोटं बोलतोय का तुझ्याशी?"

"खोटं नाही हो बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला वाटत असतं घेतली."

त्या दिवसापासून बळवंतराव स्वतःच रिकामी पाकिटं टेबलावर मांडून ठेवू लागले. ते बघून मलाच कसंतरी व्हायचं.

दोनदा गेलेल्या पाच नंबरांचे मूळ मालक तिने शोधले. तिघं सुखरूप होते. कोणी शेजाऱ्याच्या माडीवर चढले, कोणाला नातेवाईक घेऊन गेले. चौथ्या निरुपमाबाई. पाचवा मोबाइल बंद होता. लावला की गुजरातीत ध्वनिमुद्रित बाई बोलायची, हा नंबर हाल बंध छे. भक्ती दर सोमवारी तो लावायची. पुरात गेलेल्यांची नावं छापून आली होती, पण नावावरून शोधायचं तर या माणसाचं नाव कुठे होतं? ते डिस्कच्या हातातून गेलेलं. फोन घेणाऱ्या कार्यकर्त्यांना विचारलं. त्या गर्दीत कोणाला काय आठवणार?

निरुपमाबाईंना हे सांगायचं की नाही यावर तिचं आणि पीयूषभाईंचं वाजलं. "त्यांचं दुःख वाढवून काय मिळणार?" पीयूषभाई कळवळून म्हणाले. "माणूस तर गेला." ते संस्थेचं नाव वाचवायला बोलत नव्हते. आणि म्हणूनच त्यांचं म्हणणं मोडणं भक्तीला जड गेलं. शेवटी ती एकटीच समाला गेली.

भिंतींवर पाण्याची रेघ तशीच होती, कमरेएवढ्या उंचीवर. बाईंनी चहा केला. भक्तीने सगळं सांगितलं, डिस्कचे दोन प्रकार, तिने कुठला निवडला, का निवडला. बाई विज्ञानाच्या शिक्षिका. मधे दोन-तीन नेमके प्रश्न विचारले.

"म्हणजे मी पत्ता बरोबर सांगितला होता."

"हो."

"आणि असं होऊ शकतं हे तुला माहीत होतं."

"होऊ शकतं हे माहीत होतं," भक्ती म्हणाली. "होईल असं वाटलं नव्हतं."

बाहेर कोणीतरी भिजलेल्या गाद्या उन्हात बडवत होतं. मग बाईंनी कप उचलले. "तू येऊन सांगितलंस. पण आता जा. मला तुझ्याकडे बघवत नाही."

भक्ती उठली. चपला घालताना तिचं लक्ष आतल्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलाकडे गेलं. त्याच्यावर स्वच्छ चादर अंथरलेली होती. बाई जेवायला कुठे बसत असतील, हा विचार तिला आजही सोडत नाही.

संस्थेचा सर्व्हर तिने पुन्हा बांधला. सर्व्हरच्या डिस्क, त्याही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकीचा दोष दुसरीत नको. दुसऱ्या जागी दुसरं मशीन. दोन्हीकडे नोंद उतरल्याशिवाय मेसेज जाणार नाही. यूपीएस पहिल्या मजल्यावर. गावातल्या बऱ्याच लॅब, दवाखाने, छोट्या पतपेढ्या आता तिला बोलावतात. डिस्क कुठली घ्यावी विचारलं की ती वेगाचे आकडे बघूच देत नाही. दोन डिस्क पिशवीतून काढते, समोरच्या माणसांदेखत आकडे लिहायला लावते आणि वायर त्यांनाच खेचायला सांगते. लोक हसत हसत खेचतात. मग ती त्यांना काय राहिलं आणि काय गेलं ते दाखवते. तेव्हा कोणी हसत नाही.

पाचवा नंबर एका सोमवारी अचानक लागला. पलीकडे एक बाई होती, वाघोडिया रोडला जेवणाचे डबे करणारी. तिला हे सिमकार्ड नुकतंच मिळालं होतं. बंद पडलेला नंबर कंपनीने दुसऱ्याला देऊन टाकला होता. आधी कोणाचा होता, तिला काय ठाऊक?

"पण एक म्हातारा आवाज येतो अधूनमधून," ती बाई म्हणाली. "मनुभाई छे? म्हणून विचारतो. मी नाही म्हटलं की 'सारू, बरं' म्हणतो आणि ठेवून देतो."

"पुन्हा आला तर त्यांचा नंबर घ्याल? मला कळवाल?"

बाईने कबूल केलं. पुढे भक्तीने अनेकदा विचारलं. तो आवाज पुन्हा आला नाही. मनुभाई नावाचा माणूस वाचला, की गेला, की गाव सोडून गेला, भक्तीला आजपर्यंत कळलेलं नाही. कधीकधी ती गॅलरीत उभी असते आणि मी काही बोलले तर ऐकू जात नाही. मला माहीत असतं ती कोणाजवळ आहे.

यंदा पुन्हा पाणी वाढलं. मागच्याइतकं नाही, पण समात गुडघाभर झालं. हेल्पलाइन खुली झाली, भक्ती सकाळपासून तिथेच होती. दुपारी एका कार्यकर्तीने तिला हाक मारली. "भक्तीबेन, एक बाई तुम्हालाच मागतायत."

आवाज तिने लगेच ओळखला.

"नोंद झाली म्हणून मेसेज आलाय," निरुपमाबाई म्हणाल्या. "खरंच झाली का?"

भक्तीने एका मशीनवर पाहिलं. दुसऱ्यावर पाहिलं. दोन्हीकडे नाव होतं, पत्ता होता. "झाली, बाई. दोन्हीकडे आहे. बोट निघाली की मी स्वतः फोन करते."

"नको. माझा मुलगा सलील आलाय पुण्याहून, आम्ही निघतोय. मी वाट बघणार नाहीये." मागे कोणीतरी सामान उचलल्याचा आवाज येत होता. "मला वेगळंच विचारायचं होतं. त्या दिवशी मी लाइन अडेल म्हणून पुन्हा फोन केला नाही. केला असता तर?"

भक्तीला उत्तर माहीत होतं. तिने त्याचा पुष्कळदा विचार केला होता.

"तुम्ही नंबर सांगितला असता, सातशे बेचाळीस. आम्ही त्या गर्दीत नुसता नंबर बघून म्हटलं असतं, हो, बोट निघाली आहे. थांबा."

"म्हणजे फोन करूनही..."

"नाही, बाई. फोन करूनही काही झालं नसतं."

पलीकडे बाईंनी एक लांब श्वास सोडला. "बरं," त्या म्हणाल्या. "बरं. आता ठेवते, पाणी येतंय."

फोन बंद झाला. त्यांच्या नोंदीसमोर भक्तीने लिहिलं, स्वतः बाहेर पडल्या, बोट पुढच्यांना द्यावी. ते दोन्ही मशीनवर उतरलं का ते पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि शेजारी वाजत असलेला फोन उचलला.